विटांवरची बोटं

निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने मी घरी बसलो आणि बायकोचा जीव मेटाकुटीला आणला. सगळं आयुष्य ओहायोतल्या पुलांच्या कामात गेलेला माणूस मी. समोर पूल नसला की असा माणूस डिशवॉशरकडे वळतो. ताटल्या कुठल्या कोनात लावल्या तर जास्त मावतात, हे मी बायकोला कागदावर काढून दाखवलं. तेव्हा तिने माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. म्हणाली, “तुझ्या बाबांना कुठेतरी घेऊन जा. काहीतरी मोडकळीला आलेलं दाखव त्यांना.”

मुलीकडे तसं एक होतंच.

आमच्या ओहायोतल्या डब्लिन गावापासून सव्वा तासावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये, कृष्णवर्णीयांनी उभारलेली एक जुनी युनिव्हर्सिटी आहे. मुलगी तिथे इतिहास शिकवते. तिला ही नोकरी लागल्याचं तिने सहा वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं होतं, “दुसरीकडे कुठे नाही का मिळालं?” त्यानंतर मला तिने कधी तिकडे या म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं या देशात काढून मी एकाही कृष्णवर्णीय माणसाच्या घरी जेवलो नव्हतो, हेसुद्धा तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या सकाळी गाडीत तिने मला काम सांगितलं. कॅम्पसवर एक जुनं सभागृह होतं. पाच वर्षांपासून कुलूपबंद. पुढच्या भिंतीला तडे गेले होते, ती बाहेरच्या बाजूला फुगली होती. विश्वस्तांच्या मनात ते पाडायचं होतं. बाहेरच्या एका कन्सल्टंटनेही तसाच रिपोर्ट दिला होता.

“बाबा, जस्ट टेन मिनिट्स. तुम्ही एकदा बघा आणि काय वाटतं ते सांगा.”

“पाडा म्हणालो तर?”

“देन यू से दॅट,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, “पण बघून सांगा.”

वाटेत तिने मला त्या जागेचा इतिहास सांगितला. दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. गुलामगिरी संपल्यावरही बहुतेक कॉलेजांची दारं या लोकांना बंदच होती. म्हणून चर्चच्या मंडळींनी आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसांनी आपली आपण कॉलेजं काढली. शिक्षक मिळाले, विद्यार्थी तर रांगेनेच आले, पण इमारती कुठून आणायच्या? तेव्हा पोरांनी सकाळी वर्गात बसायचं आणि दुपारी बांधकामावर जायचं, असं ठरलं. माती तिथलीच, भट्टीही तिथलीच. या सभागृहाची वीट न् वीट विद्यार्थ्यांनी साच्यात घालून पाडलेली होती.

मी “हं” म्हणालो. माझं लक्ष रस्त्यावरच्या एका छोट्या पुलाच्या कठड्याकडे होतं.

कॅम्पसवर गाडीतून उतरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की लोक मला गुड मॉर्निंग म्हणत होते. नुसतं मान हलवून पुढे जाणं नाही. थांबून, डोळ्यांत बघून. पाच मिनिटांत मला अकरा जणांनी गुड मॉर्निंग म्हटलं. शुक्रवार होता, म्हणजे तिथला तळलेल्या माशांचा दिवस. मधल्या हिरवळीवर कोणीतरी मोठे स्पीकर मांडत होतं, आणि खानावळीकडून मासे तळल्याचा असा वास येत होता की माझी पावलं आपोआप तिकडे वळली. मुलगी म्हणाली, “आधी भिंत.”

सभागृहाच्या पायऱ्यांवर एक वृद्ध बाई उभ्या होत्या. जांभळी हॅट, हातात काठी, पाठ माझ्यापेक्षा ताठ. या बाई पूर्वी इथे मुलींच्या डीन होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्या रोज यायच्या आणि लायब्ररीच्या तळघरात युनिव्हर्सिटीची जुनी कागदपत्रं सांभाळायच्या. सगळं कॅम्पस त्यांना अजून डीन म्हणूनच ओळखायचं. मीही त्यांना मनातल्या मनात डीनबाई म्हणू लागलो.

“जेवलात का?” हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

“काम झाल्यावर जेवू,” मी म्हणालो.

“मग लवकर उरका. मासे संपतात.”

मी खरंच लवकर उरकलं. मूळ नकाशाची प्रत मुलीने आणली होती. त्यावर पुढची भिंत दीड विटेची दाखवली होती. एवढ्या उंच भिंतीला ही जाडी कमीच. मी खिशातून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, काढला आणि वरच्या खिडकीतून सोडला. भिंत मधोमध चांगली चार बोटं बाहेर आलेली. तडे तिरपे, रुंद, त्यात शेवाळ. आत छप्पर गळत होतं, गॅलरीच्या तुळया सडल्या होत्या. मी दोनदा आकडेमोड केली आणि बाहेर येऊन डीनबाईंना सांगितलं, “माफ करा. पण पाडावं लागेल.”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

“तुम्हाला चाळीस मिनिटं लागली,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोरांना हे बांधायला दोन वर्षं लागली होती. तुमच्याकडे अजून थोडा वेळ असेल तर बरं होईल.”

मासे उत्तम होते. मला मात्र ते नीट खाता आले नाहीत.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, “यू लुक्ड ॲट द पेपर, बाबा. भिंत नाही बघितली.”

मी चिडलो. आयुष्यभर मी काय बघत आलो, असं काहीतरी मोठ्या आवाजात बोललो. पण घरी येऊन चहा घेताना मला माझे वडील आठवले. साताऱ्याकडच्या एका बोर्डिंगात ते शिकले. कमवायचं आणि शिकायचं, अशी तिथली रीत. पहाटे दगड फोडायचे, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा घमेली. बोर्डिंगची विहीर आणि दोन खोल्या पोरांनीच बांधलेल्या. मी इंजिनियर झाल्यावर वडील मला मुद्दाम तिकडे घेऊन गेले होते. एका खोलीच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले होते, “ही आमच्या बॅचची.” मी तेव्हा नवा नवा शिकलेला. दगडांमधल्या दरजा नीट भरलेल्या नाहीत, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते हसले होते आणि आम्ही एसटी पकडून परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला. “सोमवारी जाताना मला घेऊन जा. आणि बांधकाम शिकणारी कोणी मुलं असली तर दोन-चार दे.”

तिने चार दिली. त्यातली एक मुलगी क्लीव्हलंडची. बांधकामाच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि युनिव्हर्सिटीच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ड्रमच्या दोन काड्या कायम खोचलेल्या असत. पहिल्याच दिवशी माझी मुलगी मला लांबून “बाबा!” म्हणून हाक मारताना या चौघांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं हे माझं नावच आहे, किंवा पदवी असावी. दुपारपर्यंत सगळे मला बाबा म्हणायला लागले. मुलीने त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा ते जरा ओशाळले. मी म्हणालो, राहू द्या. मिस्टर अमुक-तमुक उच्चारताना त्यांची जीभ अडखळण्यापेक्षा हे बरं.

आम्ही भिंतीचा प्रत्येक फूट मोजायला घेतला. तडे कागदावर उतरवले, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मी मुलांना हातोडीने ठोकून आवाज कसा ऐकायचा ते दाखवत होतो. भरीव भिंतीचा आवाज वेगळा, पोकळ भिंतीचा वेगळा. ड्रमवाली मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने आपल्या काड्या काढल्या आणि भिंतीवर वाजवत वाजवत चालू लागली. मला हसू आलं. मी काही बोलणार, तेवढ्यात ती थांबली.

“बाबा, या दोन भिंती आहेत.”

“म्हणजे?”

“बाहेरून वाजवलं की टणटण वाजतंय. मागे हवा आहे. आतून वाजवलं तर काहीच वाजत नाही. मुकं. जाड काहीतरी आहे. हा एका भिंतीचा आवाज नाही.”

मी हातोडीने ठोकून पाहिलं. मला फरक कळत होता, पण तिच्याइतका स्वच्छ नाही. मी तिला म्हटलं, पुन्हा वाजव. तिने वाजवलं. बाकीचे तिघे ठेक्यात नाचायला लागले, आणि मी कान भिंतीला लावून उभा राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्या एका प्राध्यापकांनी आमचा फोटो काढला. तो अजून माझ्या मुलीच्या ऑफिसात लावलेला आहे.

कॅम्पसच्या देखभाल विभागाचे प्रमुख स्वतः आले. त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याच हाताने, फुगलेल्या जागी बाहेरच्या बारा विटा काढल्या. त्या गुळगुळीत, एकसारख्या, कारखान्यात पाडलेल्या विटा होत्या. त्यांच्या मागे तळहाताएवढी पोकळी. आणि पोकळीच्या पलीकडे दुसरी भिंत: गडद लाल, ओबडधोबड, एकही वीट दुसरीसारखी नाही. मधल्या काळात कधीतरी इमारत नवी दिसावी म्हणून कोणीतरी पुढून एक शोभेची भिंत चढवली होती. सुटली होती ती, फुगली होती ती, आणि तडे होते तेही तिलाच. मी पोकळीत ओळंबा सोडला. आतली जुनी भिंत सरळ होती. इतकी सरळ, की मी ओळंबा काढून दोरा तपासला आणि पुन्हा सोडला.

मग आम्ही तिची जाडी मोजली. नकाशात दीड वीट होती, प्रत्यक्षात अडीच भरली.

“नकाशा खोटा आहे?” एका मुलाने विचारलं.

ते बघायला आम्ही सगळे धुळीने माखलेले लायब्ररीच्या तळघरात गेलो. डीनबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं, हात धुवायला लावले, आणि मग आत घेतलं. मी त्यांना भिंतीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कपाटातून एक वही काढली. तेव्हा विटा पाडायला शिकवणारे जे मास्तर होते, त्यांची ती वही. अक्षर बारीक, शाई तांबूस झालेली. डीनबाईंनी पान शोधलं आणि वाचून दाखवलं. मजकूर साधा होता. आपल्या ओढ्याची माती कमजोर आहे, विटेला हवी तेवढी ताकद येत नाही, तेव्हा नकाशापेक्षा भिंत जाड घ्यावी. काम वाढेल. मुलांना तसं सांगितलं आहे आणि ती तयार आहेत.

मी ते पान स्वतः दोनदा वाचलं. ज्यांना शिकायची बंदी होती अशा घरांतली ती मुलं. आणि त्यांच्या मास्तरांनी आपल्या मातीची परीक्षा करून, नकाशा बाजूला ठेवून, बरोबर निर्णय घेतला होता. मी त्याच नकाशाकडे बघून चाळीस मिनिटांत इमारत पाडायला सांगितली होती.

“ही वही तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही दाखवली?” मी विचारलं.

“तुम्ही विचारलीच नाहीत,” डीनबाई म्हणाल्या. “नकाशा आहे म्हणालात.”

मुलं माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

काढलेल्या जागेतून आतली एक सैल वीट आम्ही नमुन्यासाठी घेतली होती. ड्रमवाल्या मुलीने ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली आणि ब्रशने साफ करू लागली. मध्येच तिचा हात थांबला. विटेच्या एका कडेला चार खळगे होते. ओली वीट उलटताना कोणाची तरी बोटं त्यात रुतली होती आणि तशीच भाजली गेली होती. तिने आपली बोटं त्यात ठेवून पाहिली. मग बाकीच्या मुलांनी. एकाची बोटं मोठी होती, मावली नाहीत.

डीनबाईंनी काठी भिंतीला टेकवली, चष्मा लावला आणि शेवटी आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली.

“माझ्या आईचे वडील इथे विटा पाडायचे,” त्या म्हणाल्या. “आले तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. सकाळी अक्षरं गिरवायचे आणि दुपारी विटा. पुढे ते शाळामास्तर झाले. ही वीट त्यांचीच असं मी म्हणत नाही. तेव्हा बरीच पोरं होती.”

मी चाटच पडलो. “हे तरी मला सांगायचंत. मी त्या दिवशी एवढं पटकन पाडा म्हणालो नसतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही भिडेखातर हो म्हणाला असतात. मला भिडेखातर उभी राहिलेली इमारत नको होती. पोरं आत बसणार तिच्या.”

पुढच्या महिन्यात विश्वस्तांसमोर रिपोर्ट मांडायचा होता. मी चारही विद्यार्थ्यांना बरोबर नेलं. मी उभा राहिलो आणि आधी सांगून टाकलं की माझं पहिलं मत चुकीचं होतं आणि का चुकीचं होतं. मग जे जाणार ते सांगितलं: छप्पर पूर्ण बदलायचं, गॅलरी काढायची, शोभेची भिंत उतरवायची. आणि मूळ भिंती राहणार. एका विश्वस्तांनी विचारलं, दोन भिंती आहेत हे तुम्हाला कळलं कसं? मी ड्रमवाल्या मुलीला पुढे केलं. तिने अगदी गंभीरपणे काड्या काढल्या आणि आधी टेबलावर, मग भिंतीवर वाजवून फरक दाखवला. युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षबाई हसू आवरत म्हणाल्या, “आमच्या बँडचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.” थोडी चर्चा झाली, एक-दोघांनी नाकं मुरडली, पण दुरुस्ती करायचं ठरलं.

त्या ऑक्टोबरात होमकमिंग आलं. युनिव्हर्सिटीचे जुने विद्यार्थी वर्षातून एकदा परत येतात तो दिवस. बायको म्हणाली, मीही येणार. ती येणार म्हणजे बटाटेवडे येणार. आमच्या मराठी मंडळातला माझा एक मित्र, जुना डॉक्टर, त्याने आधी विचारलं, “यार, तिकडे गाडी वगैरे सेफ असते ना?” मी त्याला काही सुनावणार होतो. मग सहा वर्षांपूर्वीचं माझं वाक्य आठवलं आणि मी नुसतं म्हणालो, “तूही चल.”

अख्खं गाव लोटलं होतं. तंबूच तंबू, प्रत्येक बॅचचा वेगळा, निखाऱ्यांवर मांस भाजतंय, आज्या नातवंडांना हाताला धरून आपली खोली कुठली होती ते दाखवतायत. सत्तरीच्या बायका एकाच रंगाचे कोट घालून आपल्या कॉलेजातल्या भगिनीमंडळाची गाणी टाळ्यांवर आणि पावलांच्या ठेक्यावर म्हणत होत्या. एकीच्या गुडघ्याला पट्टा होता, पण ठेका चुकत नव्हता. डीनबाई माझ्या बायकोशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि तिसरा वडा उचलत म्हणाल्या, “यात हळद आहे, लसूण आहे, आणि तिसरं काहीतरी तुम्ही मला सांगत नाही आहात.”

“हिंग,” बायको म्हणाली. “पुढच्या वेळी डबी आणते.”

“नुसती डबी नको. माझ्याकडे या आणि करून दाखवा.”

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जेवलो. माझ्या मुलीने त्याबद्दल काही टोमणा मारला नाही. फक्त येताना गाडीत माझ्या खांद्यावर थोपटलं.

होमकमिंगला बँड आला तेव्हा जमीन हादरली, हे मी इंजिनियर म्हणून सांगतो. आमची ड्रमवाली मुलगी पहिल्या रांगेत होती, मान ताठ, नजर समोर. मी ओरडून हात केला. तिने बघितलं नाही. बँडमध्ये चालताना इकडेतिकडे बघायची परवानगी नसते. माझा डॉक्टर मित्र कुठे दिसेना. शोधलं तर तो एका बॅचच्या तंबूपुढे, हातात मक्याचं कणीस घेऊन, चार अनोळखी बायकांबरोबर रांगेत नाचत होता आणि पावलं सपशेल चुकवत होता.

दुरुस्तीला दीड वर्ष लागलं. चार विद्यार्थ्यांपैकी दोघे तोवर पदवी घेऊन गेले. ड्रमवाली मुलगी शेवटच्या सत्रात कंत्राटदाराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून तिथेच काम करत होती. एकदा चुन्याचा गिलावा घट्ट झाला म्हणून ती गवंड्याशी चक्क भांडली, आणि ते भांडण तिने जिंकलं.

उद्घाटन मोठं करायचं ठरलं होतं. भाषणं, गायनवृंद, फीत, सगळं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि विज्ञानाच्या इमारतीची हीटिंग बंद पडली. फिजिक्सची परीक्षा होती. कुठे बसवायचं पोरांना? कोणीतरी म्हणालं, सभागृह गरम आहे. मग आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ध्या तासात साठ टेबलं आणि खुर्च्या ओढत आत नेल्या. शिक्षक कमी पडत होते, म्हणून मला पर्यवेक्षक केलं.

परीक्षा सुरू झाली. कोणी पेन चावत होतं, कोणी छताकडे बघत होतं, मागच्या रांगेतला एक मुलगा स्कार्फ गळ्याभोवती घट्ट गुंडाळून लिहीत होता. मी दोन रांगांमधून फिरत होतो, तेवढ्यात दार हळूच किलकिलं झालं. डीनबाई होत्या. आत आल्या नाहीत. सगळीकडे नजर फिरवली, मग मला बोटाने जवळ बोलावलं.

“फीत कापायच्या आधीच वापरायला घेतलंत?” त्या कुजबुजल्या.

“इलाज नव्हता,” मी म्हणालो.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे काठीने खूण केली. “तिला आणखी एक कोरा कागद द्या. कधीची हात वर करून बसली आहे.”